सेकंडहँड हेडलाइट घेताना: आधी आपला फुटका दिवा नीट वाचा

खानापूर तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे डिझेल स्विफ्ट आहे. नोंदणी बेळगावची, केए-२२, ऑक्टोबर २०११ ची. गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या जंगलातून येताना रानडुक्कर आडवे आले आणि क्लीनर बाजूचा, म्हणजे डावा, हेडलाइट फुटला. कंपनीचा नवा दिवा परवडत नाही, म्हणून बेळगावातील जुन्या मालाच्या एका दुकानातून ‘२०११ च्या स्विफ्टचा’ असे सांगून दिलेला दिवा त्यांनी आणला. तो बसत नाही. कान, म्हणजे बोल्टने दिवा बसवायचे प्लास्टिकचे पट्टे, जुळत नाहीत आणि बोनेट लागत नाही. दुकानदार म्हणतो, थोडे घासून घ्या, बसेल. दरम्यान कोल्हापूरहून आणखी एका दिव्याचा फोटो आला आहे. तो आकाराने बरोबर दिसतो, पण काच पिवळी पडलेली आहे. तो घ्यावा का, आणि असा दिवा घेताना एकूण काय काय पाहावे?

गुरुजी, पहिली गोष्ट म्हणजे तो दिवा घासू नका. घासून बसवलेला हेडलाइट जागेवर राहतो, पण त्याचा फोकस जागेवर राहत नाही. शिवाय एकदा कान कापले की तो दिवा परत करण्याचा तुमचा हक्कही जातो. मी गेली अठ्ठावीस वर्षे उद्यमबागेच्या परिसरात गाड्यांच्या वायरिंगचे आणि दिव्यांचे काम करतो आहे. या काळात जुना दिवा घेऊन फसलेली जी माणसे माझ्याकडे आली, त्यांतील बहुतेकांनी गाडीचे नाव आणि साल एवढेच सांगून दिवा मागितला होता. तुमच्या बाबतीतही तेच झाले असावे, असे मला वाटते.

त्याचे कारण असे. मारुतीने पहिली स्विफ्ट २००५ मध्ये आणली आणि दुसऱ्या पिढीची स्विफ्ट ऑगस्ट २०११ मध्ये. दोघींची ठेवण इतकी सारखी की लांबून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात. पण हेडलाइट पूर्ण वेगळे आहेत. जुन्या पिढीचा दिवा आखूड आणि उभट आहे, तर नव्या पिढीचा दिवा फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, मागच्या बाजूला लांब ओढलेला आहे. म्हणजे २०११ या एकाच सालात दोन स्विफ्ट रस्त्यावर आल्या. त्यातून ऑक्टोबरमध्ये नोंद झालेली गाडी ऑक्टोबरमध्येच तयार झालेली असते असेही नाही. नवे मॉडेल आल्यावर शोरूममध्ये उरलेल्या जुन्या गाड्या पुढे काही महिने विकल्या जातात. तेव्हा आरसीवर नोंदणीची तारीख न पाहता उत्पादनाचा महिना आणि साल पाहा. तो महिना ऑगस्ट २०११ च्या आधीचा असेल, तर तुमची गाडी बहुधा पहिल्या पिढीची आहे आणि दुकानदाराने तुम्हाला दुसऱ्या पिढीचा दिवा दिला असावा. नंतरचा असेल, तर उलटे झाले असावे. दोन्ही प्रकारांत दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येत नाही, कारण ‘२०११ ची स्विफ्ट’ हे शब्द दोन्ही दिव्यांना लागू पडतात. म्हणूनच सालावर विसंबून चालत नाही.

मग विसंबायचे कशावर? तुमच्या फुटलेल्या दिव्यावर. तो टाकून दिला नसेल अशी आशा आहे. अपघातानंतर लोक सर्वांत आधी फुटका हेडलाइट भंगारात देऊन टाकतात आणि मग मोबाइलवरचा फोटो घेऊन दुकाने फिरतात. वास्तविक नवा दिवा शोधण्यासाठी त्या फुटक्या दिव्याइतका खात्रीचा नमुना दुसरा नाही. काच फुटली असली तरी मागचे प्लास्टिकचे घर, त्यावरचे क्रमांक, कपलर (वायरी जोडायचा सॉकेट), बल्बचे होल्डर, बोल्टची छिद्रे हे सगळे बहुधा शाबूत असते. तो दिवा स्वच्छ धुऊन, वाळवून पिशवीत घाला आणि दुकानात काउंटरवर दुसऱ्या दिव्याच्या शेजारी पालथा ठेवा. हेडलाइटची ओळख पटते ती पाठीमागून. समोरून तर सगळेच दिवे सारखे चमकतात.

पाठीवर काय वाचायचे, ते सविस्तर सांगतो, कारण निम्मे काम तेथेच होते. घराच्या प्लास्टिकवर एक चिकटवलेला कागद किंवा ओतीव अक्षरे असतात आणि त्यांत पार्ट नंबर असतो. बऱ्याच कंपन्यांच्या पार्ट नंबरचे पहिले आकडे बाजू सांगतात. ह्युंदाईचा क्रमांक ९२१०१ ने सुरू होत असेल तर तो डावा हेडलाइट, ९२१०२ असेल तर उजवा. टोयोटामध्ये ८१११० हा उजवा आणि ८११५० हा डावा. होंडामध्ये ३३१०० उजवा, ३३१५० डावा. सुझुकीत साधारणपणे ३५१ ने सुरू होणारा क्रमांक उजव्या दिव्याचा आणि ३५३ ने सुरू होणारा डाव्याचा असतो. मधल्या रेघेनंतरची अक्षरे आणि आकडे मॉडेल, पिढी आणि प्रकार दाखवतात. ते हुबेहूब जुळले की बाकीचा वाद मिटला. कागद गळून पडला असेल, तर गाडीचा चासी नंबर घेऊन अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर जा. ते आपल्या संगणकावर तो नंबर घालून तुमच्या गाडीला कारखान्यातून कोणता हेडलाइट लागला होता, त्याचा नेमका क्रमांक सांगू शकतात. तेथे नव्या दिव्याची किंमतही विचारून ठेवा. जुन्या मालाच्या दुकानात घासाघीस करताना ती हाताशी हवी.

येथे डावे-उजवे म्हणजे सीटवर बसून समोर पाहताना जे डावे-उजवे ते. गाडीसमोर उभे राहून बोलले की ते उलटते, आणि फोनवर दिवा मागवताना ही चूक फार वेळा होते. आपल्याकडे मेस्त्री ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हणतात, तेच शब्द वापरा. त्यांत गोंधळाला जागा नाही. जुन्या जीप आणि जिप्सीचा सात इंची गोल दिवा कोणत्याही बाजूला बसतो, पण तो अपवाद आहे.

क्रमांक जुळत नसला तरी दिवा चालू शकतो, अशीही काही उदाहरणे आहेत. जोडगाड्या, म्हणजे एकच गाडी दोन कंपन्यांच्या नावाने, हे त्यांतले सर्वांत उपयोगी उदाहरण. टोयोटाची २०१९ ची पहिली ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनोच आहे, त्यामुळे एकीचा दिवा दुसरीत शोधता येतो. २०२२ च्या नव्या गाड्यांपासून मात्र दोघींची तोंडे वेगळी झाली. उलट रेनॉची डस्टर आणि निसानची टेरानो या एकाच सांगाड्यावरच्या गाड्या असूनही त्यांचे हेडलाइट एकमेकांत बसत नाहीत. म्हणजे ‘दोन्ही गाड्या आतून एकच आहेत’ हे ऐकून पैसे देऊ नयेत, दिवा दिव्याशेजारी ठेवूनच ठरवावे.

आकार जुळला तरी आतला प्रकार जुळला पाहिजे. अनेकदा एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला साधा रिफ्लेक्टर (चकचकीत वाटीने प्रकाश पुढे टाकणारा) आणि वरच्या व्हेरियंटला प्रोजेक्टर (आत गोल भिंग असलेला) असतो. २०१८ च्या स्विफ्टमध्ये खालच्या व्हेरियंटना हॅलोजन आणि सर्वांत वरच्या व्हेरियंटला एलईडी प्रोजेक्टर होता. २०१३ मध्ये आलेल्या वॅगनआर स्टिंगरेचा प्रोजेक्टर दिवा साध्या वॅगनआरला नव्हता. अशा वेळी बोल्ट बसतात, पण कपलर बसत नाही, आणि कोणीतरी वायर तोडून जोड मारतो. एलईडी दिव्याला त्याचा वेगळा ड्रायव्हर (वीज पुरवणारे सर्किट) लागतो आणि काही गाड्यांत तो गाडीच्या कंट्रोल युनिटशी बोलतो, त्यामुळे फक्त दिवा आणून काम भागत नाही. माझा सल्ला असा की जो प्रकार गाडीला कारखान्यातून होता तोच घ्यावा. एका बाजूला प्रोजेक्टर आणि दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टर अशी गाडी रात्री समोरच्याला फसवते आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांनाही शीण देते.

बल्बचे होल्डर पाहताना नुसते ‘हॅलोजन’ एवढे पुरत नाही. एच-४ हा आत जळणाऱ्या दोन तारांचा, तीन पिनांचा बल्ब. त्यात अप्पर (लांबचा झोत) ६० वॅट आणि डिपर (खाली वळवलेला जवळचा झोत) ५५ वॅट असतो. एच-७, एच-१, एच-११ हे एकेका तारेचे बल्ब; हे ज्या दिव्यात असतात तेथे अप्परला आणि डिपरला वेगवेगळे बल्ब असतात. होल्डर बदलून एकाच्या जागी दुसरा बसवण्याचे उद्योग करू नयेत, कारण रिफ्लेक्टरची वाटी त्या विशिष्ट बल्बची तार नेमकी कोठे येते हे गृहीत धरून घडवलेली असते. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक लहानशी धातूची वाटी असते आणि तीच प्रकाशाची वरची कड कापते. बल्ब एका अंशाने फिरून बसला तरी ती कड वाकडी पडते. म्हणून होल्डरच्या कड्यातील तीन खाचा झिजलेल्या किंवा वितळलेल्या नाहीत ना, हे नवा बल्ब बसवून पाहा. बल्ब हलता कामा नये. इंडिकेटरचे होल्डरही पाहा. नारिंगी बल्बाच्या टाचण्या साध्या बल्बासारख्या समोरासमोर नसतात, किंचित सरकलेल्या असतात, त्यामुळे एकाचे होल्डर दुसऱ्याला चालत नाही.

डॅशबोर्डवर हेडलाइटचा झोत खाली-वर करण्याचे शून्य ते तीनचे चाक असेल, तर दिव्याच्या पाठीवर त्यासाठी एक छोटी मोटर असते. आणलेल्या दिव्याला मोटर नसेल तर निराश होऊ नका. बहुतेक गाड्यांत ती फिरवून काढता येते आणि तुमच्या फुटक्या दिव्यावरची मोटर नव्या घरात बसवता येते. जुना दिवा जपून ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि जी माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या डिपरच्या झोताची कड उजवीकडे सपाट आणि खाली असते, तर डावीकडे चढती असते. त्यामुळे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत आणि आपल्याला रस्त्याची डावी कड, तिथून चालणारा माणूस, उभी बैलगाडी दिसते. ज्या देशांत उजव्या बाजूने गाड्या चालतात तेथे हे उलटे असते. भारतात तयार झालेल्या कित्येक गाड्या तशा देशांत निर्यात झाल्या. ह्युंदाईची आय-टेन आणि आय-ट्वेंटी युरोपात गेल्या. त्या गाड्यांचे दिवे, किंवा बाहेरून ऑनलाइन मागवलेले दिवे, आपल्या गाडीत अगदी चपखल बसतात, काचही नवी कोरी असते, आणि डिपरवर असतानाही प्रकाश थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. अशा दिव्यांच्या काचेवर वर्तुळात इंग्रजी ई आणि आकडा असा शिक्का असेल, तर त्याजवळ बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडे दाखवत असेल, तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. शिक्का आहे आणि बाणच नाही, तर तो उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. बाणाला दोन्ही टोके असतील तर तो दोन्हीकडे चालतो. शिक्काच नसेल तर भिंतीवर झोत टाकून पाहा. डावीकडे चढ दिसला पाहिजे.

हे केवळ सौजन्याचे नाही, कायद्याचेही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ सांगतो की समोर आठ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या अंगाला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला झोत दिपवणार नाही, अशा बेताने तो कायम खाली वळवलेला असला पाहिजे. हा नियम केंद्राचा आहे. तुम्ही चोर्ला उतरून गोव्यात जा, कोगनोळीवरून महाराष्ट्रात जा किंवा बेळगावातच फिरा, तो सगळीकडे सारखाच लागू आहे.

पिवळ्या काचेविषयी तुम्ही स्वतंत्र विचारले आहे. आजच्या हेडलाइटची काच म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते आणि त्यावर उन्हापासून वाचवणारा एक पातळ कठीण थर दिलेला असतो. तो थर उन्हाने झिजला की खालचे प्लास्टिक पिवळे आणि धुरकट होते. कोल्हापूरच्या दुकानदाराला काचेवर पाणी ओतून ओल्या अवस्थेतला फोटो पाठवायला सांगा. पाणी पडताच काच बरीच स्वच्छ दिसू लागली, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि ती काढता येते. ओली होऊनही तशीच राहिली, तर पिवळेपणा आत आहे किंवा प्लास्टिकमध्येच उतरलेला आहे. असा दिवा सोडून द्या. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील तरीही सोडा, त्या पॉलिशने जात नाहीत. बाहेरची खराबी काढताना ओला पॉलिश पेपर आधी आठशेचा, मग पंधराशेचा, मग दोन हजारचा असा चढत्या क्रमाने वापरून नंतर कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट) मारतात. एवढ्यावर थांबले की दिवा विकताना छान दिसतो, पण संरक्षक थर उरलेला नसतो आणि काही महिन्यांत काच पहिल्यापेक्षाही जास्त पिवळी पडते. त्यावर ऊन रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, मारून घेणे आवश्यक आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात मुरलेला माणूस ते नीट करतो. तेव्हा कोल्हापूरचा दिवा बाकी सगळ्या बाबतीत चोख असेल आणि खराबी बाहेरची असेल, तर केवळ पिवळेपणामुळे तो नाकारू नका. क्लिअर कोटचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि तेव्हाच तुमच्या उजव्या दिव्याचीही काच करून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रकाश एका रंगाचा पडेल.

काचेपेक्षा मला रिफ्लेक्टरची चिंता अधिक वाटते. त्याची चमक म्हणजे प्लास्टिकवर बसवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. पूर्वीच्या मालकाने शंभर-नव्वद वॅटचा बल्ब घातला असेल, तर बल्बच्या वरच्या भागात तो थर तपकिरी, दुधाळ किंवा सप्तरंगी झालेला दिसतो. टॉर्च मारून, मागचे झाकण काढून हे पाहा. एकदा गेलेला थर पुसून परत येत नाही. उलट कापड फिरवले की उरलेलाही निघतो. असा दिवा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पाण्याचे पाहणे आपल्या भागात विशेष महत्त्वाचे आहे. तुमचा रोजचा रस्ता कणकुंबीकडचा असेल तर जून ते सप्टेंबर गाडी जवळजवळ पाण्यातच असते. सकाळी काचेच्या आत हलकी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती गेली, तर घाबरण्याचे कारण नाही. हेडलाइटला हवा येण्या-जाण्याची छोटी वाट मुद्दाम ठेवलेली असते. पण आत थेंब साचत असतील, तळाला पाण्याची रेघ किंवा मातीचा सुकलेला डाग असेल, तर सील फुटलेले आहे. काच आणि घर यांच्या सांध्याभोवती बोट फिरवा. कारखान्याचा सांधा सगळीकडे एकसारखा असतो. कोठे काळे किंवा पारदर्शक सिलिकॉन बाहेर आलेले दिसले, तर हा दिवा कोणीतरी गरम करून उघडलेला आहे, कदाचित दोन फुटक्या दिव्यांतून एक बनवलेला आहे. तसा दिवा नीट बंद केलेला असेल तर चालतोही, पण घेण्याआधी मागची सगळी झाकणे लावून, दिवा गाडीत असतो तसा उभा धरून पाच मिनिटे नळाच्या पाइपने पाणी मारा आणि मग आत पाहा. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. झाकणाचे रबरही पाहा. दिवा चांगला असतो आणि दहा-वीस रुपयांच्या रबरामुळे आत पाणी जाते.

कानांविषयी मला माझी स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी मी एका ग्राहकाच्या गाडीला जुन्या बाजारातून आणलेला दिवा बसवून दिला. वरचा कान तुटून चिकटवलेला होता आणि रंग मारल्यामुळे मला तो जोड दिसला नाही. गाडी उभी असताना फोकस उत्तम होता. आठ दिवसांनी ते गृहस्थ परत आले. चोर्ला घाटात धुक्यात गाडी चालवताना प्रत्येक खड्ड्याला त्यांचा झोत वर-खाली होत होता आणि वळणावर रस्त्याची कड दिसेनाशी झाली होती. त्यांना काही झाले नाही, पण होऊ शकले असते, आणि तो दोष माझा होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक कान बोटाने वाकवून पाहतो. हेडलाइटचे घर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते. प्लास्टिकवर दोन कोनांच्या मध्ये इंग्रजीत पीपी अशी अक्षरे उमटलेली असतात. या प्लास्टिकला बाजारातले झटपट चिकटणारे डिंक धरत नाहीत. कान तुटला असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावे लागते किंवा कंपनीने दुरुस्तीचा वेगळा कान दिला असेल तर तो स्क्रूने बसवावा लागतो. एक कान असा नीट दुरुस्त केलेला असेल तर मी दिवा घेतो. दोन तुटलेले असतील तर घेत नाही.

दुकानात जाताना खिशात नवा साठ-पंचावन्नचा बल्ब ठेवा. बहुतेक ठिकाणी बारा व्होल्टची बॅटरी असते. अप्पर, डिपर, पार्किंग आणि इंडिकेटर चारही लावून पाहा, आणि डिपरचा झोत समोरच्या भिंतीवर किंवा शटरवर पडू द्या. कड स्पष्ट दिसली पाहिजे. धूसर गोळा दिसत असेल तर बल्ब, होल्डर किंवा रिफ्लेक्टर यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे.

कोठे शोधावे, याबद्दल थोडेसे. बेळगावात ऑटोनगर आणि खानापूर रोडच्या बाजूला विचारा. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ पडते. आपल्याकडे कन्नड बोलणारे दुकानदार भंगाराला ‘गुजरी’ म्हणतात, आणि कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ. बेळगावात ‘गुजरीत मिळेल’ असे कोणी सांगितले तर ते भंगाराच्या दुकानाविषयी बोलत आहेत, हे कोल्हापूरकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. नव्या किमतीच्या निम्म्याहून अधिक कोणी मागत असेल, तर तेवढ्यात बाजारात मिळणारा नवा पर्यायी दिवा पाहावा. पर्यायी दिवे सगळेच वाईट नसतात. गाड्यांच्या कंपन्यांना दिवे पुरवणारे काही कारखाने तोच माल स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात, आणि तो मी कित्येकदा भंगारातल्या ‘ओरिजिनल’पेक्षा पसंत करतो.

बिल मात्र घ्याच. साध्या कागदावर का होईना, दुकानाचे नाव, तारीख, पार्ट नंबर आणि ‘न बसल्यास परत’ हे लिहून घ्या. महागड्या गाड्यांचे हेडलाइट चोरीला जातात आणि चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे वाटायला जागा असताना, तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. चकचकीत एलईडी दिवा, कापलेल्या वायरी आणि बिल द्यायला नकार, हे तिन्ही एकत्र दिसले की तेथून निघावे.

विम्याचा विचारही पैसे देण्याआधी करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो आणि क्लेम केला की नो-क्लेम बोनस जातो; म्हणून एका दिव्यासाठी क्लेम बहुधा परवडत नाही, पण बंपर आणि फेंडरही गेले असतील तर सगळे मिळून हिशेब वेगळा येऊ शकतो.

त्यावरून आठवले. रानडुकराची धडक लहान नसते. दिवा ज्या पत्र्याला बसतो तो रेडिएटरसमोरचा आडवा पॅनल आत गेला असेल, तर अगदी कंपनीचा नवा दिवाही बसणार नाही. दिवा काढलेला असताना दोन्ही बाजूंच्या बोल्टच्या छिद्रांमधील अंतरे पट्टीने मोजा आणि उजवीकडची डावीकडे जुळतात का पाहा. पाच-सात मिलिमीटरचा फरक दिसला तर आधी डेंटरकडे जा. पहिल्या दिव्याबाबतही, पिढीचा घोळ नसल्याचे आरसीवरून दिसले, तर दुकानदाराला दोष देण्यापूर्वी हे तपासा.

आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. उजवा दिवाही मंद वाटत असेल तर दोष दिव्यात नसून वायरिंगमध्ये असू शकतो. हॅलोजनला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजून घ्या; दोहोंत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थिंगचा बोल्ट आणि कपलर साफ करून घ्या. जास्त वॅटचा बल्ब हा त्यावरचा उपाय नव्हे.

दिवा बसल्यावर फोकस लावल्याशिवाय रात्री गाडी बाहेर काढू नका. टायरमध्ये बरोबर हवा भरा, डॅशबोर्डचे चाक शून्यावर ठेवा, ड्रायव्हरच्या जागी कोणालातरी बसवा आणि सपाट जागेवर गाडी भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी करा. शाळेचे पटांगण आणि तिची भिंत याला उत्तम. जमिनीपासून दिव्याच्या मध्यबिंदूची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीची आडवी रेघ काढा, आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरच्या झोताची सपाट कड या खालच्या रेघेवर आली पाहिजे आणि जेथून ती डावीकडे चढू लागते तो बिंदू दिव्याच्या बरोबर समोर आला पाहिजे. दिव्यावर किंवा बोनेटखाली एक टक्क्याऐवजी १.२ किंवा १.३ टक्के असे छापलेले असेल, तर तेवढे सेंटिमीटर धरा, म्हणजे बारा किंवा तेरा. एका वेळी एकच दिवा लावायचा म्हणून दुसऱ्यावर पुठ्ठा धरा. काचेला टेकवून कापड ठेवले तर ती तापते. उजवा दिवाही याच वेळी तपासून घ्या.

मग काळोख पडल्यावर जांबोटी रस्त्यावर एक फेरी मारा. ऊसाच्या हंगामात चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या डाव्या अंगाला उभ्या असतात. ती डावी कड तुम्हाला डिपरवर स्वच्छ दिसते का आणि समोरचा गाडीवाला तुम्हाला पुन्हा पुन्हा डिपर मारतो का, या दोन गोष्टी पाहा. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर बोल्ट एकदा आवळून भिंतीवरची खूण पुन्हा तपासा. फुटका दिवा त्यानंतरही टाकू नका. त्याची होल्डरे, मागचे झाकण, मोटर आणि स्क्रू एका डब्यात घालून ठेवा, या गाडीला ते पुढे कधीतरी लागतील.